उपदेशकानंतर थेट यशया?

मराठी मंडळ्यांतील पाळकसाहेब, धर्मगुरू आणि गायनमंडळांचे प्रमुख यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

बुधवारच्या शास्त्राभ्यासात आम्ही जुना करार ओळीने वाचत होतो. नीतिसूत्रे संपली, मग उपदेशक लागले. 'व्यर्थ हो व्यर्थ' करत महिना निघाला. पुढच्या बुधवारी बायबल उघडून बसतो तोच समोरून सूचना आली, यशया, अध्याय पहिला. माझ्या शेजारच्या मावशींनी चष्मा वर सरकवला, दोन पाने मागे आणि दोन पुढे केली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, मध्ये काहीतरी राहिलं की." राहिले होते गीतरत्न, एक मुलगी आणि तिचा सखा यांच्या प्रेमाचे काव्य. ८ अध्याय, ११७ वचने. मोठ्याने कोणीच विचारले नाही. विचारायचे नसते, एवढे आम्हा सगळ्याच बायकांना न सांगता कळले होते.

मी नाशिककडची. तीस-बत्तीस वर्षे गायनमंडळात उभी आहे, जिकडे आवाज कमी पडेल तिकडे. शब्बाथ शाळेत शिकवते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, तेव्हा चुकले तर कान धरा. पण हे पुस्तक आपण कपाटात वरच्या फळीवर ठेवले आहे आणि खाली बसून त्याच्याच ओळी गातो आहोत, हे आता बोलल्याशिवाय राहवत नाही. येशूला 'शारोनाचा गुलाब' आणि 'खोऱ्यातले कमळ' म्हणणारी गाणी आपण लहानपणापासून म्हणतो. ही नावे शुभवर्तमानात शोधून सापडायची नाहीत. ती गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायातली आहेत, आणि तिथे ती एक मुलगी स्वतःविषयी बोलते आहे. तिचा सखा लगेच तिला उत्तर देतो की हो, काट्यांत उठून दिसावे तशी तू इतर मुलींत दिसतेस. म्हणजे नाव तिचे होते, आपण ते उचलून प्रभूला दिले. दिले ते छानच केले. पण निदान कोणाकडून घेतले ते तरी ठाऊक असावे.

पुस्तक अडचणीचे आहे हे मला मान्य आहे. त्यात देवाचे नाव जवळजवळ नाहीच. आठव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात प्रीतीच्या ज्वालेसाठी जो इब्री शब्द आहे, त्याच्या शेपटाला 'याह' हा परमेश्वराच्या नावाचा तुकडा चिकटलेला आहे, तेवढाच. नव्या करारात या पुस्तकातले एकही वचन सरळ उद्धृत केलेले नाही. यहुदी रब्बींमध्येही यावरून वाद होता. तेव्हा रब्बी अकिवांनी ठणकावून सांगितले की सगळे लेख पवित्र आहेत, पण गीतरत्न परमपवित्र आहे. त्याच अकिवांच्या नावावर दुसरेही एक वचन आहे : जो हे गीत मेजवानीच्या घरात गळा काढून साध्या गाण्यासारखे गातो, त्याला येणाऱ्या युगात वाटा नाही. मला या दुसऱ्या वचनाची गंमत वाटते. ताकीद द्यावी लागली, त्याअर्थी लोक गातच होते.

ख्रिस्ती मंडळीत तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या पंडिताने यावर मोठे भाष्य लिहिले. वधू म्हणजे मंडळी, वधू म्हणजे प्रत्येकाचा आत्मा, आणि वर म्हणजे ख्रिस्त, ही वाट त्याने इतकी रुळवली की पुढची हजार-बाराशे वर्षे सगळे तिच्यावरूनच चालले. पण त्यानेही सुरुवातीला इशारा दिलाच आहे की ज्याचे मन अजून देहात अडकले आहे त्याने हे पुस्तक हातात धरू नये. आपल्या बुधवारच्या सूचनेला अशी अठराशे वर्षांची परंपरा आहे, हे मी नाकारत नाही. फरक इतकाच की ओरिगेनने इशारा दिला आणि मग भाष्याचे दहा ग्रंथ लिहिले. आपण इशारा द्यायचीही तसदी घेत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो क्लेअरव्होचा बर्नार्ड. फ्रान्समधला मठाधिपती, बाराव्या शतकातला. ११३५ च्या सुमारास त्याने आपल्या मठातल्या संन्याशांसमोर गीतरत्नावर प्रवचने सुरू केली आणि ११५३ मध्ये मरेपर्यंत ती चालूच राहिली. अठरा वर्षांत ८६ प्रवचने झाली, आणि इतके करून तो कुठवर पोहोचला? तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत. "तो मला आपल्या मुखाच्या चुंबनांनी चुंबो" या एका वचनावरच त्याची पहिली कित्येक प्रवचने खर्ची पडली. ज्यांनी लग्न न करण्याची शपथ घेतली होती अशा पुरुषांनी भरलेल्या सभागृहात हा माणूस आठवड्यामागून आठवडे चुंबनावर बोलत होता, आणि कोणी त्याला यशया काढायला सांगितले नाही.

त्याचे सव्विसावे प्रवचन वाचताना मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि गॅस बंद करून खाली बसले. विषय होता पहिल्या अध्यायातले केदारचे तंबू, म्हणजे "मी काळी आहे, केदारच्या तंबूंसारखी" हे वचन. तंबू म्हणजे हे शरीर, आपण इथे परदेशी, वगैरे नेहमीच्या वळणाने प्रवचन निघते. आणि मध्येच तो थांबतो. आपण हे सोंग किती वेळ करायचे, आतली आग आता झाकवत नाही, अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो आणि फुटतो. त्याचा सख्खा भाऊ जेरार्ड नुकताच वारला होता. जेरार्ड त्याच मठाचे कोठार सांभाळायचा, हिशेब बघायचा, म्हणून बर्नार्डला प्रवचन करायला मोकळा वेळ मिळायचा. दफनाच्या वेळी बर्नार्डच्या डोळ्यांतून टिपूस निघाले नव्हते. ते सगळे या प्रवचनात निघाले. पुढचे सारे प्रवचन भावासाठी विलाप आहे. आता मला सांगा, हे नीतिसूत्रांवर बोलताना झाले असते का? जे पुस्तक "माझा सखा कुठे गेला" असे विचारत रात्रीच्या गल्ल्या धुंडाळते, तेच माणसाला एवढे उघडे करू शकते. बर्नार्ड रूपकच सांगत होता, पण रूपकाच्या खालची माया त्याने पुसून टाकली नव्हती.

तो गेल्यावर इंग्लंडमधल्या गिल्बर्ट नावाच्या मठाधिपतीने ते काम पुढे नेले. तो पाचव्या अध्यायात असताना वारला. मग फोर्डच्या जॉनने आणखी १२० प्रवचने करून पुस्तक शेवटास नेले. एका पुस्तकासाठी तीन माणसांची आयुष्ये गेली. आपल्याकडे तीन रविवारसुद्धा मिळत नाहीत.

अर्थात एक वचन आपल्याकडेही मिळते. "आमच्यासाठी कोल्हे धरा, द्राक्षमळ्यांचा नाश करणारे लहान कोल्हे धरा." हा संदेश मी आजवर किमान सहा वेळा ऐकला आहे. लहान कोल्हे म्हणजे लहान पापे. त्यात पूर्वी सिनेमा असायचा, मग टीव्ही आला, हल्ली मोबाईल आहे. बर्नार्डनेही कोल्ह्यांना सोडलेले नाही. जर्मनीतून श्टाइनफेल्डच्या मठातल्या एव्हरविनने त्याला पत्र लिहून कळवले होते की कोलोनकडे पाखंडी माजले आहेत, काहीतरी बोला. तेव्हा त्याने कोल्हे म्हणजे पाखंडी असे धरून दोन प्रवचने झोडली. या कोल्ह्यांनी बिचाऱ्यांनी किती काय सोसले आहे.

मी द्राक्षांच्या मुलखातली बाई आहे, म्हणून त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग मला दिसतो, जो संदेशात कधीच येत नाही : "कारण आमचे द्राक्षमळे फुलोऱ्यात आहेत." ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्याने बाग फुलोऱ्यात येते. फूल म्हणावे असे डोळ्यांना काही दिसत नाही, हिरव्या मण्यांवर पिवळट धूळ बसावी तसे. वास अगदी मंद, सकाळी लवकर गेले तर. आणि सगळे वर्ष त्या आठ-दहा दिवसांवर टांगलेले असते. ढगाळ हवा आली की डावणीचा रोग, पाऊस आला की गळकूज. घरातली माणसे त्या दिवसांत एकमेकांशी धड बोलत नाहीत. ज्याने हे बघितले आहे त्याला त्या वचनातली काळजी आणि लाड दोन्ही कळतात. दोन तरुण जीवांमध्ये काहीतरी नुकते फुलते आहे, त्याला नख लागू देऊ नका, असे ते वचन म्हणते. पापांची यादी मागून कोणीतरी जोडली. आपल्या म्हणीतल्या कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात, आणि मला कधीकधी शंका येते की आपल्या संदेशांतही तोच कोल्हा बोलतो आहे.

आता संगीताकडे येते, कारण माझे खरे घर तेच.

संदेशाने या पुस्तकाभोवती कुंपण घातले, तेव्हा गाण्याने फाटक उघडे ठेवले. मरियेच्या सणांच्या लॅटिन प्रार्थनांत गीतरत्नाच्या ओळी मध्ययुगापासून गायल्या जात. रोममध्ये पालेस्ट्रिना नावाच्या संगीतकाराने १५८४ मध्ये या एका पुस्तकातून निवडलेल्या ओळींचे २९ मोटेट, म्हणजे लॅटिन समूहगीते, पाच आवाजांसाठी बांधून छापले आणि पोप तेरावा ग्रेगरी यांना अर्पण केले. त्याची अर्पणपत्रिका वाचण्यासारखी आहे. पूर्वी आपण ऐहिक प्रेमाच्या कवितांना चाली लावल्या, त्याची आता लाज वाटते आणि दुःख होते, असे तो म्हणतो. आणि प्रायश्चित्त म्हणून काय निवडतो, तर बायबलमधले सगळ्यात प्रेमळ पुस्तक! वर असेही सांगून टाकतो की माझ्या नेहमीच्या चर्चसंगीतापेक्षा इथे मी जरा चपळ, उत्साही ढंग वापरला आहे, विषयाचीच तशी मागणी होती. या माणसाची पहिली बायको १५८० मध्ये वारली, तेव्हा तो याजक व्हायला निघाला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न केले. लाजेविषयी मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार आहे. चपळ ढंगाविषयी जास्त तयार आहे.

मग मोंतेव्हेर्दी, इटलीतलाच आणखी एक संगीतकार. त्याचे १६१० मध्ये छापलेले सायंप्रार्थनेचे संगीत मुलाने मला यूट्यूबवर लावून दिले. मोठमोठ्या स्तोत्रांच्या गजरानंतर एकदम सगळे थांबते आणि एकच आवाज उरतो. "निग्रा सुम, सेद फोर्मोसा." मी काळी आहे, पण सुंदर आहे. गाणारा पुरुष असतो, टेनर. बोल मुलीचे आणि गळा पुरुषाचा. पुढे सखा तिला म्हणतो, "सुर्गे", ऊठ, आणि त्या शब्दावर सूर पायरी पायरीने खरोखरच उठतो. मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकले. आमच्या हार्मोनियमवर ती चढण सापडते का ते बघितले. सापडते.

त्या 'पण'वर मात्र माझे अडले. लॅटिनमध्ये 'सेद' म्हणजे पण. मूळ इब्रीत तिथे फक्त एक अक्षर आहे, शब्दाला पुढून चिकटणारे, आणि त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या मराठी 'व'सारखा. त्याचा अर्थ 'आणि' होतो, संदर्भाने 'पण'ही होतो. जुन्या ग्रीक भाषांतराने 'आणि' घेतले. म्हणजे ती पोरगी म्हणत असेल, मी काळी व सुंदर. हा 'व' तिला द्यायचा की 'पण', हे भाषांतर करणाऱ्याच्या हातात होते, आणि शतकानुशतके तिला 'पण' मिळाला.

पुढचेच वचन बघा. माझ्याकडे असे टक लावून बघू नका, उन्हाने मला रापवले आहे, भावांनी रागावून मला द्राक्षमळे राखायला लावले, आणि माझा स्वतःचा मळा राखायचा राहून गेला. माझी आई दिंडोरीकडच्या बागांमध्ये रोजाने जायची. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणे, जे पडेल ते. मानेचा मागचा भाग काळाकुट्ट, आणि पदराखालचा दंड वेगळ्याच बाईचा वाटावा असा. लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला गेली तेव्हा स्टुडिओवाल्याने आधी तोंडाला पावडर लावून या म्हणून परत पाठवले होते. तो फोटो माझ्याकडे आहे. चेहरा पांढरा आणि हात जसेच्या तसे. आईने आयुष्यभर उपासना चुकवली नाही, पण या पुस्तकात आपल्यासारखी एक बाई बोलते आहे, हे तिला कोणी सांगितले नाही. आणि हे घडले विठ्ठलाच्या मुलखात, जिथे सावळ्या रंगावर अर्धे अभंग उभे आहेत. चर्चच्या दारातून आत येताना तो रंग आपण बाहेर चपलांपाशी ठेवून आलो काय?

जर्मन संगीतकार बाखविषयी लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. थोडक्यात सांगते. फिलिप निकोलाय नावाचा पाळक जर्मनीतल्या उन्ना गावी होता. १५९७ मध्ये तिथे प्लेग आला. त्याच्या घरासमोरच दफनभूमी होती, रोज डोळ्यांदेखत माणसे पुरली जात होती. त्या दिवसांत त्याने चिंतनाचे पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'सार्वकालिक जीवनाचा आनंददर्पण'. १५९९ मध्ये ते छापले, आणि त्यात दोन गीते होती. दोन्हींत वर येतो आहे आणि वधू त्याची वाट बघते आहे. समोर खड्डे खणले जात असताना या माणसाला लग्नाचे गाणे सुचले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्यापैकी ज्या पाळकांनी दिवसाला दोन-दोन अंत्यविधी केले, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

त्यातल्या एका गीतावर बाखने २५ नोव्हेंबर १७३१ साठी कॅन्टाटा, म्हणजे उपासनेत वाद्यांसह गायची गीतमालिका, रचला. दहा कुमारींच्या दृष्टान्ताचा तो रविवार, ईस्टर फार लवकर आला तरच पंचांगात येणारा. लाइपझिगमधल्या त्याच्या इतक्या वर्षांत तो दोनदाच आला. त्या कॅन्टाटात आत्मा आणि येशू यांची दोन युगुलगीते आहेत. दुसऱ्यात आत्मा म्हणतो, "माझा सखा माझा आहे", आणि येशू उत्तरतो, "आणि मी त्याचा". हे सरळ गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायातले. दोघे आधी एकमेकांचे बोल पकडतात, मग एकत्र होऊन बरोबरीने चालतात, मध्ये एक ओबो, सनईच्या जातीचे वाद्य, फिरत राहते. डोळे मिटून, शब्द न समजता ऐकले तर हे नाटकातले प्रेमिकांचे पद आहे असेच कोणीही म्हणेल. सनातनी ल्यूथरन शहर, नोव्हेंबरची थंडी, कडक बाकडी, आणि वर सज्ज्यातून हे. त्याच बाखने 'मत्तयानुसार दुःखसहन' या आपल्या मोठ्या संगीतरचनेचा दुसरा भागही गीतरत्नानेच उघडला आहे. येशूला बांधून नेले आहे, एक आवाज त्याला शोधतो आहे, आणि समूह विचारतो, "हे स्त्रियांतील परमसुंदरी, तुझा सखा कुठे गेला?" गेथशेमानेच्या बागेत त्याने शुलेमकरणीला, म्हणजे गीतरत्नातल्या त्या मुलीला, आणून उभे केले.

रूपकाला माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नका. मराठीत वाढलेल्या बाईला रूपकाचे वावडे कसे असेल? "घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा" म्हणणारे ज्ञानदेव पुरुष होते, संन्याशाचे पुत्र होते, आणि विरहिणी होऊन गात होते. चांदणे पोळते, चंदन सोसत नाही, कान्ह्याला भेटवा. ही विराणी आणि गीतरत्नाचा पाचवा अध्याय शेजारी ठेवून वाचा. तिथेही ती दार उघडते तो सखा निघून गेलेला असतो, कडीवर हात ठेवते तर हाताला गंधरस लागतो, आणि ती यरुशलेमच्या कन्यांना शपथ घालते की तो भेटला तर सांगा, मी प्रेमाने आजारी आहे. तुकोबांच्या गाथेतही विराण्या आहेत. आणि आपले नारायण वामन टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरू म्हटले, आणि मराठी मंडळीला स्वतःच्या सुरात गायला शिकवले. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून इब्री आणि ग्रीक शिकून आख्खे बायबल सोप्या मराठीत आणले, शेवटची मुद्रिते तपासून १९२२ मध्ये डोळे मिटले. त्यांना हे पुस्तक गाळता आले असते. त्यांनी मुक्ती सदनातल्या मुलींसाठीच भाषांतर केले होते, आणि त्या मुलींमध्ये बालविधवा होत्या.

स्पेनमध्ये लुइस दे लेओन नावाच्या प्राध्यापकाने लॅटिन न येणाऱ्या एका धर्मभगिनीसाठी गीतरत्न स्पॅनिशमध्ये उतरवले, तेव्हा ते भाषांतर हाच त्याच्यावरच्या आरोपांतला एक झाला, आणि १५७२ पासून जवळजवळ पाच वर्षे तो धर्मन्यायालयाच्या कोठडीत होता. तिथल्याच आव्हिलाच्या तेरेसा या धर्मभगिनीने यावर चिंतन लिहिले, तर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ते जाळायला सांगितले. तिने जाळले. बाकीच्या बहिणींनी आधीच नकला करून ठेवल्या होत्या म्हणून आज ते आहे. (बायकांच्या नकला करून ठेवण्याच्या सवयीवर जगाचे बरेच काही टिकले आहे.) आपल्याकडे कोणी जाळत नाही, कोठडीतही टाकत नाही. नुसते पान उलटतात.

लग्नाचेच बघा. मैत्रिणीच्या मुलीने आपल्या लग्नात आठव्या अध्यायातले "मला आपल्या हृदयावर मुद्रेसारखी धर" हे वाचन मागितले होते. कॅथलिक मंडळीत विवाहाच्या वाचनांत हा उतारा छापलेलाच आहे, आणि २२ जुलैला मग्दालेनेच्या मरियेच्या सणाला तिसऱ्या अध्यायातले "रात्री मी त्याला शोधले" हे वाचतात, कारण पुनरुत्थानाच्या पहाटे बागेत शोधत फिरणारी तीही होतीच. आमच्याकडे मात्र निरोप आला की पहिले करिंथकर तेरा घ्या, नेहमीचे आहे. ते सुंदरच आहे. पण "प्रीती मरणासारखी प्रबळ आहे, महापुरांना ती विझवता येत नाही" हे ऐकून त्या सव्वीस वर्षांच्या मुलीचे काय बिघडणार होते? ती आयसीयूमध्ये नर्स आहे. मरण तिने आपल्यापेक्षा जास्त पाहिले आहे.

अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तीन वर्षांच्या ज्या वाचनक्रमाला धरून चालतात, त्यात रविवारच्या वाट्याला गीतरत्नातली फक्त दुसऱ्या अध्यायातली सहा वचने येतात, तीही पर्यायी म्हणून. म्हणजे पर्याय न घेणाऱ्या मंडळीत जन्मलेले मूल म्हातारे होऊन जाईल आणि रविवारी चर्चमध्ये हे पुस्तक कधी ऐकणार नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पाळकसाहेब, पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनावर एकदा बोला. रात्री आपल्या माणसाला शोधत निघालेल्या त्या मुलीला नगरातले पहारेकरी गाठतात, मारतात, जखमी करतात, अंगावरची चादर ओढून घेतात. मंडळीतल्या बायका तुमचा शब्द न् शब्द ऐकतील, याची हमी मी देते. तिथे रूपक मागून आले तरी चालेल. गायनमंडळाच्या प्रमुखांनो, पालेस्ट्रिना आपल्याला झेपणार नाही, पण विराणीची चाल आपल्या ढोलकी-पेटीला झेपते. आपल्यात कवी आहेत, कीर्तनकार अजून दोन-चार शिल्लक आहेत. पाचवा अध्याय ओवीत किंवा अभंगात बांधून घ्या, बाईच्या आवाजात, आणि दुःखसहन सप्ताहात गा. बाखला जे चालले ते आपल्या कमिटीला का चालू नये? आणि बुधवारच्या मंडळींनी मागे जाऊन राहिलेले वाचावे.

आम्ही वाट बघत बसलो नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकते. गेल्या महिन्यात मावशींच्या ओटीवर आम्ही सात जणींनी पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. तिचे बोल एकीने, त्याचे बोल दुसरीने, आणि यरुशलेमच्या कन्या म्हणून बाकीच्या पाच जणींनी. पंचवीस मिनिटे लागली. तुझे केस गिलादावरून उतरणाऱ्या शेरड्यांच्या कळपासारखे, या वचनाला हसू आवरेना. पाचव्या अध्यायाला कोणी हसले नाही. संपल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. मग त्यांनी पुस्तक मिटले, चहा टाकायला उठल्या आणि आतून ओरडून विचारले, "पुढच्या बुधवारी परत हेच ना?"

आपली नम्र,
नाशिककडच्या एका मंडळीतली गायिका